सोने तिथेच का थांबले? कोलारच्या खाणीतील खडक आणि खनिजे

कोलारच्या खाणींतून सुमारे १२० वर्षांत जेवढे सोने निघाले, ते सगळे वितळवून एका जागी ओतले, तर चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि अडीच मीटरांहून किंचित उंच अशी एक खोली त्याने भरेल. हे सोने सुमारे ८०० टन होते आणि ते मिळवण्यासाठी सुमारे ५.१ कोटी टन दगड जमिनीखालून वर आणून त्याचे पीठ करावे लागले. हिशेब केला तर टनामागे सरासरी १५ ते १६ ग्रॅम, म्हणजे सव्वा तोळ्याहून थोडे जास्त सोने पडते. एवढ्याशा सोन्यासाठी माणसे तीन किलोमीटरांहून खोल का उतरली, हा प्रश्न साहजिक आहे. परंतु भूविज्ञानाच्या दृष्टीने त्याहून मोठा प्रश्न असा आहे की, हे सव्वा तोळा तरी त्या एका टनात आले कुठून? कारण पृथ्वीच्या कवचातल्या कोणत्याही साधारण खडकाचा एक टन घेतला, तर त्यात सोने काही मिलिग्रॅमच असते. कोलारच्या दगडात ते त्याच्या काही हजार पट आहे. कोणीतरी, कधीतरी, फार मोठ्या क्षेत्रात विखुरलेले सोने गोळा करून एका अरुंद पट्टीत आणून ठेवल्याशिवाय हे शक्य नाही. हे काम कोणत्या शक्तींनी केले आणि सोने नेमके तिथेच का थांबले, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

आपल्या मनात सोन्याच्या खाणीचे जे चित्र असते, त्यात पिवळ्या धातूचे चकाकणारे थर असतात. प्रत्यक्षात कोलारला वर्षानुवर्षे काम केलेल्या अनेक माणसांनी दगडात डोळ्यांना दिसेल असे सोने क्वचितच पाहिले असेल. तिथे दिसतो तो काळपट हिरवा खडक आणि त्यातून गेलेली राखाडी गारगोटी. म्हणून सोने समजून घ्यायचे असेल तर आधी हा दगड वाचायला शिकले पाहिजे.

समुद्रतळाचा काळा खडक

बेंगळुरूच्या पूर्वेला सुमारे १०० किलोमीटरांवर, कर्नाटकाच्या कोलार जिल्ह्यात, उत्तर-दक्षिण पसरलेला सुमारे ८० किलोमीटर लांबीचा आणि अवघ्या काही किलोमीटर रुंदीचा गडद रंगाच्या खडकांचा एक पट्टा आहे. त्याला कोलारचा शिस्ट पट्टा म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल फिकट रंगाचे, पट्टेदार नाइस आणि ग्रॅनाइट हे खडक आहेत, आणि त्यांच्यामध्ये हा काळा पट्टा कापडाला घातलेल्या शिवणीसारखा दिसतो. ही शिवणीची उपमा केवळ दिसण्यापुरती नाही. पट्ट्याच्या पश्चिमेकडचे आणि पूर्वेकडचे नाइस खडक वयाने व घडणीने वेगवेगळे आहेत, आणि त्यावरून काही संशोधकांनी अशी मांडणी केली आहे की, दोन स्वतंत्र भूखंड एकमेकांना येऊन भिडले आणि मधला समुद्रतळाचा खडक त्या दोघांच्या चिमटीत सापडून उभा दाबला गेला.

या पट्ट्यातला मुख्य खडक एके काळी बेसाल्ट होता. सह्याद्रीचा काळा कातळ ज्या जातीचा आहे, त्याच जातीचा. फरक वयाचा आणि नशिबाचा आहे. सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरला आणि बव्हंशी तसाच राहिला; कोलारचा बेसाल्ट सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वी पाण्याखाली ओतला गेला आणि त्यानंतर त्याने जमिनीच्या पोटातला दाब, उष्णता आणि पिळवटणे असे सगळे सोसले. तो पाण्याखाली ओतला गेला हे इतक्या खात्रीने सांगता येते, याला कारण आहे. लाव्हा पाण्यात शिरतो तेव्हा त्याची बाहेरची साल क्षणात थिजते, आतला तप्त रस साल फोडून पुढे येतो, त्याचीही साल थिजते, आणि अशा रीतीने उशांची रास रचल्यासारखे गोल-लांबट गठ्ठे एकमेकांवर साचत जातात. कोलार पट्ट्यात पेद्दपल्लीजवळ असे उशांसारखे लाव्हाचे गोळे आजही ओळखू येतात आणि ते ठिकाण राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपलेले आहे. सोन्याच्या खाणीची गोष्ट समुद्राच्या तळाशी सुरू होते याचा हा उघड्यावर पडलेला पुरावा आहे, आणि मला वाटते, खाणीच्या उंच लोखंडी मनोऱ्यांइतकेच लोकांनी तोही पाहायला हवा.

पुढे हा बेसाल्ट खोल गाडला गेला. पाचशे अंश सेल्सिअस आणि त्याहूनही अधिक तापमानात, प्रचंड दाबाखाली, त्याची मूळ खनिजे टिकली नाहीत आणि त्यांच्या जागी हॉर्नब्लेंड नावाचे काळपट हिरवे, सुईसारखे लांबट खनिज वाढले. दाबाची दिशा एकाच बाजूने असल्यामुळे या सुया एका दिशेने ओळीत बसल्या आणि खडकाला लाकडासारखा धागा आला. अशा खडकाला अँफिबोलाइट किंवा हॉर्नब्लेंड शिस्ट म्हणतात. कोलारच्या सोन्याचे घर म्हणजे हा खडक. त्याच्यात लोह भरपूर आहे, आणि ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी, कारण सोने थांबण्याचे अर्धे उत्तर त्या लोहात आहे.

खडकातून पिळून निघालेले पाणी

सोने गोळा करण्याचे काम पाण्याने केले. हे पाणी पावसाचे किंवा नदीचे नव्हे, तर खुद्द खडकाच्या आतले. समुद्रतळावरचा बेसाल्ट समुद्राच्या पाण्याशी दीर्घकाळ रासायनिक देवघेव करतो, तेव्हा त्याच्यात क्लोराइटसारखी हिरवी, मऊ खनिजे तयार होतात आणि या खनिजांच्या स्फटिकरचनेत पाणी बांधले जाते. क्लोराइटच्या वजनाचा दहा टक्क्यांहून अधिक हिस्सा या बांधलेल्या पाण्याचा असतो. हॉर्नब्लेंडमध्ये तोच हिस्सा सुमारे दोन टक्के असतो. याचा अर्थ असा की, क्लोराइट असलेला खडक खोल जाऊन तापला आणि त्याचे हॉर्नब्लेंड झाले, की उरलेल्या पाण्याला खडकात जागाच राहत नाही. ओले कापड पिळावे तसे ते बाहेर पडते. एका घन किलोमीटर खडकातून अशा रीतीने निघणारे पाणी कोट्यवधी टनांत मोजावे लागते, आणि इथे तर हजारो घन किलोमीटर खडक तापत होता.

हे पाणी एकटे निघत नाही. त्याच्याबरोबर कार्बन डायऑक्साइड निघतो आणि गंधकही निघतो, कारण जुन्या खडकातले पायराइट हे लोह-गंधकाचे खनिज तापले की आपल्यातला काही गंधक सोडून देते. हा गंधक इथला खरा वाहक आहे. शुद्ध पाण्यात सोने जवळजवळ विरघळत नाही. म्हणून तर पिढ्यान्‌पिढ्या अंगावर वापरलेला दागिना झिजतो पण गंजत नाही. परंतु तप्त पाण्यात हायड्रोजन सल्फाइड असेल, तर त्यातील गंधक सोन्याच्या अणूला दोन्ही बाजूंनी धरतो आणि तो अणू त्या जोडीच्या आधाराने पाण्यात तरंगत राहतो. खडकाच्या कणाकणातून जाताना हे पाणी मिलिग्रॅम-मिलिग्रॅम सोने उचलते आणि वर निघते, कारण वरचा दाब खालच्यापेक्षा कमी असतो. कोलारच्या बाबतीत हा द्रव केवळ खडकांच्या रूपांतरणातून आला, की शेजारी त्याच सुमारास वर चढत असलेल्या ग्रॅनाइटच्या शिलारसानेही त्यात भर घातली, यावर अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. काळाबाबत मात्र साधारण एकमत आहे की, सोन्याची ही आवक सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे बेसाल्ट ओतला गेल्यानंतर बऱ्याच काळाने, दोन्ही बाजूंचे भूखंड आवळले जात असताना झाली.

आता मूळ प्रश्न. हे सोने वाहत वाहत पृष्ठभागावर येऊन समुद्रात का गेले नाही?

पहिले कारण दाबाचे आहे. भूखंड एकमेकांवर रेटले जात असताना पट्ट्यात उत्तर-दक्षिण दिशेने भेगा आणि कातरलेले अशक्त पट्टे तयार झाले होते. खालून येणारा द्रव अशा भेगेच्या तळाशी साचत राहतो आणि त्याचा दाब वाढत जातो. एका क्षणी भेग सरकते, लहानसा भूकंप होतो, द्रव एकदम वर घुसतो आणि त्याचा दाब झपकन उतरतो. दाब उतरला की त्यातले वायू सुटे होतात, हायड्रोजन सल्फाइडही निसटतो, आणि सोन्याला धरून ठेवणारा गंधक कमी झाल्यामुळे सोने तिथेच खाली बसते. त्याच वेळी द्रवात विरघळलेली सिलिकाही स्फटिकरूपात बाहेर पडते, म्हणजे गारगोटी तयार होते, आणि ती भेग बुजवून टाकते. भेग बुजली की दाब पुन्हा साचू लागतो. कुकरमध्ये वाफ कोंडते, शिट्टी उचलली जाते, दाब उतरतो, शिट्टी खाली बसते आणि पुन्हा वाफ कोंडू लागते. तसेच हे चक्र आहे. फरक इतकाच की, इथे प्रत्येक शिट्टीमागे गारगोटीचा एक पापुद्रा आणि सोन्याची एक चिमूट मागे राहते, आणि अशी चक्रे हजारो वेळा झालेली असतात.

कोलारच्या गारगोटीचा हाताएवढा तुकडा उजेडात धरला, तर हा इतिहास प्रत्यक्ष दिसतो. ही गारगोटी शेतात सापडणाऱ्या पांढऱ्याशुभ्र गारगोटीसारखी नसते. तिचा रंग निळसर राखाडी, कडेला धुरकट असतो आणि तुटलेल्या पृष्ठभागावर तेलाचा हात फिरल्यासारखी चमक असते. तुकडा आडवा फिरवला की त्यात एकमेकींना समांतर अशा बारीक गडद रेषा दिसतात, कुठे केसाएवढ्या, कुठे पोस्टकार्डाच्या जाडीच्या. या रेषा म्हणजे भेग दर वेळी उघडताना भिंतीवरून सोलून निघालेले हॉर्नब्लेंडचे आणि अभ्रकाचे पातळ पापुद्रे. एक रेष म्हणजे एक धक्का. भिंग घेऊन या रेषांच्या कडेने नजर फिरवली, तर एखाद्या ठिकाणी सोन्याचा कण दिसण्याची शक्यता असते. दोन रेषांमधल्या स्वच्छ गारगोटीत ती फारच कमी. जाणता माणूस म्हणूनच पांढऱ्या, डागरहित गारगोटीकडे फारसे पाहत नाही.

दुसरे कारण मघाशी सांगितलेल्या लोहाचे. सोने घेऊन आलेला द्रव अँफिबोलाइटच्या भिंतीत शिरतो, तेव्हा त्यातला गंधक हॉर्नब्लेंडमधल्या लोहाशी संयोग पावतो आणि पायरोटाइट, पायराइट अशी लोह-गंधकाची खनिजे तयार होतात; द्रवात आर्सेनिक असेल तर आर्सेनोपायराइट तयार होते. गंधक लोहाकडे गेला की सोने निराधार होते आणि त्या नव्या खनिजांच्या फटींत किंवा पोटात अडकून बसते. शेजारच्या फिकट नाइस खडकात लोह कमी, त्यामुळे तिथे हा सापळा लागत नाही. काळ्या पट्ट्यात सोने आणि त्याला लागून असलेल्या फिकट खडकात जवळजवळ काहीच नाही, या रेखीव विभागणीमागे हेही एक मोठे कारण आहे.

या दोन कारणांनी कोलारमध्ये दोन जातीचे सोने तयार झाले. गारगोटीने किंवा खनिजांनी भरलेल्या अशा भेगेला शीर म्हणतात. पूर्वेकडच्या, सर्वांत प्रसिद्ध अशा चॅम्पियन शिरेत ते गारगोटीत मोकळ्या कणांच्या रूपात आहे. तिच्या पश्चिमेला असलेल्या मॅक्टॅगार्ट वेस्टसारख्या शिरांमध्ये गारगोटीपेक्षा सल्फाइड, म्हणजे मघाच्या गंधकयुक्त, खनिजांचे प्राबल्य आहे आणि सोने त्यांच्या संगतीत आहे. या भेदाचे महत्त्व सोने वेगळे करताना कळते. त्याकडे पुढे येऊ.

शीर सापडली म्हणजे सोने सापडले असे नाही

चॅम्पियन शीर सुमारे आठ किलोमीटर लांबीपर्यंत माग काढलेली आणि तीन किलोमीटरांहून खोल गेलेली आहे, पण तिची जाडी बहुतेक ठिकाणी मीटरभराच्या आसपास आहे. जमिनीत उभा रोवलेला एखादा अवाढव्य पत्रा डोळ्यांपुढे आणावा. तो पश्चिमेकडे कललेला आहे, खोल जाताना अधिकाधिक उभा होत जातो, आणि जागोजागी त्याला वळ्या पडलेल्या आहेत. वळीच्या बाकावर गारगोटी जाड होते आणि बहुधा सोनेही वाढते, कारण खडक वाकताना तिथेच पोकळी उघडते आणि द्रवाला शिरायला जागा मिळते.

या पत्र्यावर सोने सारखे पसरलेले नाही. ते उत्तरेकडे तिरप्या उतरणाऱ्या लांबट पट्ट्यांत एकवटलेले आहे आणि दोन पट्ट्यांच्या मधली गारगोटी कित्येक मीटर रिकामी असते. रिकाम्या जागी खोदणाऱ्याला शीर तर दिसते, पण हाती काही लागत नाही. १८८० च्या दशकाच्या आरंभी इंग्रजांच्या कंपन्यांवर नेमकी हीच वेळ आली होती. भांडवल संपत आले होते आणि काम बंद करण्याच्या गोष्टी सुरू होत्या. त्यांना मार्ग दाखवला तो इथल्याच अनामिक खाणकऱ्यांच्या जुन्या खोदकामांनी. फार पूर्वीच्या या लोकांनी ज्या ओळीत खड्डे घेतले होते, त्याच ओळीच्या खाली चॅम्पियन शीर आहे हे ध्यानात आले, आणि मग तिथेच खोल जाण्याचा निर्णय झाला. त्याही आधी, १८०२ मध्ये, सर्वेक्षणासाठी आलेल्या लेफ्टनंट जॉन वॉरन याने या भागातले गावकरी माती धुऊन सोन्याचे कण काढतात, याची नोंद केली होती. ते कण शिरेचा माथा झिजून मातीत मिसळल्यामुळे आलेले होते. गारगोटी फुटते, लोहाची खनिजे गंजतात, हलके ते पाण्याबरोबर वाहून जाते, आणि पाण्याच्या १९ पटींहून जड असलेले सोने जागच्या जागी राहते. ज्यांनी कोणत्याही यंत्राशिवाय केवळ मातीच्या रंगावरून आणि कणांवरून शिरेचा माग काढला, त्यांच्या निरीक्षणाला भूविज्ञानाच्या इतिहासात जेवढा मान मिळायला हवा होता, तेवढा मिळालेला नाही असे मला प्रामाणिकपणे वाटते.

सोन्याचे सोबती

सोन्याबरोबर येणारी खनिजे नुसती भरताड नसतात. शीर जवळ आली की दूर गेली, हे तीच सांगतात. कोलारच्या अँफिबोलाइटमधून शिरेच्या दिशेने चालत गेले, तर खडकाचा रंग बदलत जातो. काळ्या हॉर्नब्लेंडच्या जागी तपकिरी, चमकदार बायोटाइट अभ्रक दिसू लागते, कारण द्रवाने बाहेरून पोटॅशियम आणलेले असते. जागोजागी डायोप्साइड या फिकट हिरव्या खनिजाचे आणि पांढऱ्या कॅल्साइटचे पट्टे येतात. खाणीतला भूवैज्ञानिक बोगद्याच्या भिंतीवर पाणी मारून ती धुतो आणि हे बदल पाहून ठरवतो की, शीर डाव्या हाताला आहे की उजव्या, आणि अजून किती दूर असावी.

सल्फाइडांपैकी पायराइट सर्वांच्या परिचयाचे, कारण ते पिवळे चमकते आणि नवख्याला फसवते. पारख सोपी आहे, आणि ती आपल्या सराफांच्या कसोटीच्याच तत्त्वावर चालते. खरखरीत चिनी मातीच्या तुकड्यावर घासले असता सोने पिवळाच कस देते, पायराइट मात्र हिरवट काळा कस देते. शिवाय हातोडीखाली सोने चपटे होते आणि पायराइटचा भुगा होतो. पायरोटाइट तांबूस पितळी रंगाचे असून चुंबकाला ओढ देते. आर्सेनोपायराइट रुपेरी पांढरे असते आणि हातोडीने जोरात ठोकले की लसणासारखा वास येतो. तो वास आर्सेनिकचा असतो, म्हणून हौसेने घ्यावा असा नव्हे. तांब्याचे चाल्कोपायराइट, शिशाचे गॅलेना आणि जस्ताचे स्फॅलेराइट ही खनिजेही थोड्या प्रमाणात सापडतात. सोन्याच्या कणातही काही प्रमाणात चांदी मिसळलेली असते, कारण निसर्गात शंभर नंबरी सोने जवळजवळ नसतेच.

या मंडळींत मला विशेष वाटते ते शीलाइट. हे कॅल्शियम आणि टंगस्टन यांचे खनिज साध्या उजेडात गारगोटीसारखेच फिके दिसते आणि सहज नजरेआड होते. अंधारात त्याच्यावर अतिनील दिवा धरला, की मात्र ते निळसर पांढऱ्या तेजाने उजळते आणि राखाडी भिंतीवर त्याचे ठिपके एकेक करून वेगळे दिसू लागतात. टंगस्टन हा कठीण पोलाद बनवण्यासाठी लागणारा धातू असल्याने कोलारला सोन्याबरोबर शीलाइटही वेगळे काढले जात असे.

शीर तयार झाल्यानंतर खडकाच्या हालचाली थांबल्या नाहीत. पुढच्या काळात शिलारस भेगांत थिजून झालेल्या डोलेराइटच्या गडद भित्ती आणि पेग्मॅटाइटच्या फिकट शिरा सोन्याच्या शिरेला छेदून गेल्या, आणि मायसोर नॉर्थ फॉल्टसारख्या विभंगांनी, म्हणजे ज्यांच्या बाजूने खडक सरकतो अशा भेगांनी, तिला तोडून बाजूला सरकवले. खोदता खोदता शीर भिंतीवर एकदम संपते, तेव्हा ती संपलेली नसून सरकलेली असते, आणि विभंगाच्या पृष्ठभागावरच्या ओरखड्यांची दिशा पाहून ती कुठे गेली हे शोधावे लागते.

खोलीची किंमत

चॅम्पियन रीफ खाण सुमारे ३.२ किलोमीटर खोल गेली. कळसूबाई शिखराची समुद्रसपाटीपासूनची उंची १६४६ मीटर आहे. तीच जवळपास दोनदा जमिनीखाली मोजावी, इतकी ही खोली. एवढ्या खाली खडकाचे तापमान साठ अंश सेल्सिअसच्या वर असते. खरे तर जगातल्या इतर अनेक प्रदेशांत तीन किलोमीटरांवर याहून बरीच जास्त उष्णता मिळेल. दक्षिण भारताचा हा भाग फार जुना, थिजून थंडावलेला भूखंड असल्यामुळे इथे खोलीगणिक तापमान सावकाश वाढते, आणि इतक्या खोल माणसांनी काम करणे ज्या गोष्टींमुळे शक्य झाले, त्यांत खडकाचे हे वयही धरले पाहिजे.

दाबाला मात्र अशी सवलत नाही. अँफिबोलाइट जड खडक आहे, त्याची घनता पाण्याच्या सुमारे तिप्पट आहे, आणि तीन किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचा भार हवेच्या दाबाच्या आठशे पटींहून अधिक भरतो. शीर काढून घेतली की मागे पोकळी राहते आणि हा सगळा भार पोकळीच्या कडांवर येतो. मऊ खडक असता तर तो हळूहळू दबून पोकळी भरली असती. अँफिबोलाइट आणि गारगोटी दोन्ही कठीण आणि ठिसूळ. ती वाकत नाहीत, ताण साठवत राहतात आणि मग एका क्षणी स्फोट व्हावा तशी फुटतात. खाणकामाच्या भाषेत याला रॉकबर्स्ट म्हणतात. कोलारचे रॉकबर्स्ट जगभरच्या खाणतज्ज्ञांच्या अभ्यासाचा विषय झाले, आणि विभंग, भित्ती व वळ्या जिथे एकत्र येतात तिथे त्यांचा धोका अधिक असे. पोकळ्यांना आधार देण्यासाठी ग्रॅनाइटच्या चिऱ्यांच्या भिंती रचल्या जात, तरीही अनेक खाणकामगारांचे प्राण गेले. ज्या कातळाने सोने अडवून धरले, त्याच्याच कठीणपणाने ही माणसे मारली, हे कोलारविषयी लिहिताना विसरता येत नाही.

या जड कातळाचा एक अनपेक्षित उपयोगही झाला. अवकाशातून येणाऱ्या किरणांचा मारा अडवण्यासाठी त्याहून चांगले छप्पर मिळणे अवघड होते, म्हणून १९६५ मध्ये इथे सुमारे २.३ किलोमीटर खोल ठेवलेल्या उपकरणांनी वातावरणात निर्माण होणारे न्यूट्रिनो, म्हणजे एवढा खडकही आरपार भेदून येणारे सूक्ष्म कण, टिपले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर केलेला हा प्रयोग जगातल्या पहिल्या अशा नोंदींपैकी एक आहे. त्यांच्या गणितातही कोलारच्या खडकाची घनता आणि रासायनिक घडण वेगळी धरावी लागत असे.

पिठातून सोने, आणि उरलेल्या पिठाचे काय

चॅम्पियन शिरेतले मोकळे सोने काढणे तुलनेने सरळ होते. दगड कुटून त्याचे पीठ करायचे, ते पाण्याबरोबर पाऱ्याचा लेप दिलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून सोडायचे, पारा सोन्याला धरून ठेवतो, आणि तापवून पारा उडवला की सोने मागे राहते. जे बारीक कण पाऱ्याला चुकवून जात, त्यांच्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायनाइडची पद्धत आली. सायनाइडचे फिकट द्रावण हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने सोने विरघळवते आणि पुढे त्या द्रावणात जस्त घातले की सोने खाली बसते. जमिनीखाली जे काम गंधकाने केले, तेच इथे सायनाइड करते. फक्त कोट्यवधी वर्षांऐवजी काही तासांत. सल्फाइडांच्या पोटात अडकलेल्या सोन्यापर्यंत मात्र हे द्रावण पोहोचत नाही. पायरोटाइट तर ऑक्सिजन आणि सायनाइड दोन्ही स्वतःच खाऊन टाकते. म्हणूनच पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या शिरांचा भेद कारखान्यात महत्त्वाचा ठरतो.

कोलारच्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. सोने संपले म्हणून त्या बंद झाल्या, असे सर्रास म्हटले जाते. ते तितकेसे बरोबर नाही. ज्या दगडातून धातू काढणे परवडते, त्यालाच धातुक म्हणतात. तोच दगड तीन किलोमीटर खाली असेल, त्यात टनामागे पूर्वीच्या मानाने थोडेच ग्रॅम सोने उरले असेल आणि तो वर आणण्याचा, हवा खेळती ठेवण्याचा व पोकळ्यांना आधार देण्याचा खर्च सोन्याच्या किमतीहून जास्त होत असेल, तर तो धातुक राहत नाही, नुसता दगड होतो. चॅम्पियन शीर आजही खाली जातेच आहे. रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीच्या खाणी त्याच प्रकारच्या शिस्ट पट्ट्यातून अजून सोने काढत आहेत.

वर आणून कुटलेल्या दगडाचे पीठ मात्र कोलारलाच राहिले आहे. सायनाइड डंप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राखाडी टेकड्यांमध्ये ते तीन कोटी टनांहून अधिक आहे. पावसाने त्यांच्या उतारांवर खोल घळ्या पाडल्या आहेत आणि उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर त्यांची धूळ वस्त्यांत जाते. या धुळीत बहुतांश गारगोटी आणि हॉर्नब्लेंड आहे, थोडे कॅल्साइट आहे, आणि आर्सेनोपायराइटसारखी सल्फाइडेही आहेत, जी हवा-पाण्याच्या संपर्कात सावकाश गंजतात. गारगोटीची बारीक धूळ श्वासाबरोबर फुफ्फुसात जाणे घातक असते, त्यामुळे या टेकड्यांवर झाडझाडोरा धरणे हे तिथल्या लोकांच्या दृष्टीने निकडीचे काम आहे. त्याच टेकड्यांत टनामागे एक ग्रॅमही नाही इतके थोडे सोने अजून आहे. पाऱ्याला चुकलेले, सायनाइडलाही न सापडलेले असे हे सोने कुठे गारगोटीच्या न फुटलेल्या कणात, तर कुठे आर्सेनोपायराइटच्या पोटात बसलेले आहे. ते काढायचे तर हे पीठ पूर्वीपेक्षा अधिक बारीक दळावे लागेल, आणि ते परवडेल की नाही हे सोन्याच्या भावावर आणि उरलेल्या चुऱ्याची नीट विल्हेवाट लावण्याच्या खर्चावर ठरेल.